सासूबाईंच्या नावाचा भोंगा

चहावरची साय थरथरत होती. पंखा बंद, टेबलाला कुणाचा हात लागलेला नाही. तरी बाहेरच्या भोंग्यातल्या ढोलकीच्या ठेक्याबरोबर सायीवर बारीक सुरकुत्या उमटत आणि ठेका थांबला की विरत. श्यामलाबाईंनी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं, कारण शोधत बसावं लागलं नाही. त्यांनी चहा बेसिनमध्ये ओतला.

समोर त्यांचे यजमान शरच्चंद्र बसले होते. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. आता एकेक शब्द नव्याने जुळवायचा. वाचेचे उपचार करणाऱ्या अपूर्वाने बजावलं होतं, "सराव सकाळीच, आणि शांततेत. आता राहिलं तर पुढे वाचा परत येणं अवघड." विश्रांतवाडीतल्या त्यांच्या गल्लीत सकाळ म्हणजे मंदिराचा भोंगा.

"अहो, पाणी म्हणा."

ओठ हलले. काय निघालं ते ऐकूच आलं नाही. सिनेमाच्या चालीवर बसवलेलं देवाचं गाणं, मध्येच कर्कश शिट्टी, पुन्हा गाणं. शरच्चंद्रांनी परत प्रयत्न केला आणि मान खाली घातली. श्यामलाबाईंनी त्यांची लाळ पुसली.

त्या तडक मंदिरात गेल्या. आत देव सोडून कुणी नव्हतं. यंत्राला पेनड्राइव्ह लटकत होता आणि पायरीवर पुजारी संपत, कानांत कापसाचे बोळे घालून, मोबाइल बघत होता.

"संपत, हे ऐकतंय कोण?"

त्याने एक बोळा काढला. "काकू, अध्यक्षांच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. नाही गेलं की फोन येतो मला."

त्यांनी वर पाहिलं. भोंग्यावर रंगवलेलं होतं: कै. मुक्ताई यांच्या स्मरणार्थ. त्यावरून कबुतरांची विष्ठा ओघळून सुकली होती. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला शरच्चंद्रांनीच तो दिला होता, गुरुवारच्या आरतीपुरता. पुढे तो रोज वाजू लागला, आणि पोलिसांचा विषय निघाला की शरच्चंद्र म्हणत, "आईच्या नावाची तक्रार करू?" श्यामलाबाई दर वेळी गप्प बसत.

दुपारी मंदिराचे अध्यक्ष सर्जेराव नारळ घेऊन घरी आले.

"वहिनी, वर्धापनदिनाला आणखी दोन भोंगे लावतोय. तुमच्या गच्चीवर. सासूबाईंचं नाव हाय, पहिला मान तुमचा."

"आहे तो पुरत नाही?"

"एसीला खिडक्या लावल्या की आमच्याकडं बारीक येतंय. म्हणून तर."

"ह्यांना बोलायचा सराव करायचा असतो सकाळी. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्यांना."

"मग देवाचं नाव पडू द्या की कानावर. औषधच हाय ते." सर्जेराव शरच्चंद्रांवर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडले, "काय दादा, लावायचे ना?"

शरच्चंद्रांचं तोंड उघडलं. जीभ अडली, मानेच्या शिरा ताठल्या, चांगला हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. शब्द येत होता, वेळ लागत होता. सर्जेराव थांबले नाहीत.

"बघा, हो म्हणतायत."

श्यामलाबाईंना त्या हसऱ्या तोंडाची शिसारी आली. आणि इतकी वर्षं गप्प राहिलेल्या स्वतःचीही. त्यांनी नारळ उचलून सर्जेरावांच्या हातात परत दिला.

"ते हो म्हणालेले नाहीत. आणि मी नाही म्हणतेय. गच्ची मिळणार नाही. आहे तो भोंगाही आजच उतरवा. उद्या सकाळी वाजला तर मी चौकीत लेखी तक्रार देणार आहे, सासूबाईंच्या नावासकट."