लिंबोणीखालचा स्क्रूड्रायव्हर

स्क्रूड्रायव्हर मातीत मुठीपर्यंत गेला, लोण्यात जावा तसा. पाणीबंदकाकांनी तो उपसला, पात्यावरचा चिखल बोटाने निपटला आणि वर पाहिलं. लिंबोणी पिवळी पडली होती. निम्मी पानं तर खालीच होती.

"वहिनी, पंधरा दिवस पाणी देऊ नका म्हटलं होतं."

"मी थेंब दिलेला नाही."

कृषी विद्यापीठातर्फे काका सव्वीस वर्षं लोकांच्या परसबागा तपासत हिंडत होते. पाऊस पाहुण्यासारखा येऊन जाणाऱ्या त्या गावात झाडं मरायची ती बहुतेक पाण्यात बुडून. माणसं उन्हाला घाबरायची आणि झाडाला पाजायची. काकांचा सल्ला कायम एकच, 'पाणी बंद', नावही त्यावरूनच पडलेलं. कुणाकडे गेले तरी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवायला लोक बिचकत.

तेवढ्यात मागच्या दारातून वहिनींचे यजमान आले. इस्त्रीचा शर्ट, हातात भरलेली बादली. ती त्यांनी बुंध्याशी शांतपणे रिकामी केली.

"आज कुणी पाणीच घातलं नव्हतं बघा," म्हणाले, आणि आत गेले.

"सकाळपासून सातवी," वहिनी म्हणाल्या. "घालतात आणि विसरतात. मला नर्सबाई म्हणतात. काम चांगलं आहे, पगार वाढवू म्हणाले परवा. झाडाला पाणी घालायचं, तेवढंच डोक्यात राहिलंय."

"बादली लपवा."

"लपवली होती. दिवसभर स्वतःचे हात बघत बसले."

बादली ठेवावी तर झाड जाणार, काढावी तर माणूस वाळणार. विद्यापीठाच्या पुस्तिकेत लिंबोणीचे अठ्ठेचाळीस रोग होते. हा नव्हता.

आठवी बादली आली तेव्हा काका आडवे उभे राहिले.

"साहेब, विद्यापीठाला तपासणीसाठी अनुभवी माणूस हवाय."

"पगार?"

"नाही."

"म्हणजे काम महत्त्वाचं असणार."

"हा मातीत टोचायचा. आत गेला तर ओल आहे, पाणी बंद. अडला तरच एक बादली."

काकांनी आपला सव्वीस वर्षांचा स्क्रूड्रायव्हर सुतळीने बादलीच्या कडीला बांधला आणि बादलीवर रंगाने ठळक लिहिलं : आधी टोचा.

त्यानंतर दोन महिने काका लोकांची माती पेन्सिलीने तपासत होते. नऊ मोडल्या.

मग एका दुपारी ते पुन्हा त्या घरी गेले. लिंबोणीच्या शेंड्यांना पोपटी पालवी होती. वाकून मातीला हात लावणार, तोच मागून आवाज आला.

"थांबा. हात लावू नका. मी विद्यापीठाकडून असतो इथे."

यजमानांनी रिकामी बादली खाली ठेवली, सावकाश गुडघा टेकला आणि स्क्रूड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत गेला.

"ओल आहे. लोकांना कळत नाही हो. उगीच पाजत बसतात."

"चालायचंच, साहेब."

यजमानांनी पातं बोटाने निपटलं आणि काकांकडे जरा निरखून पाहिलं.

"उन्हातून आलेले दिसता. नर्सबाई, यांना पाणी द्या."

नर्सबाई ग्लास घेऊन आल्या. काकांनी तो उभ्याउभ्याच, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.