कपाटातला नववा पेपर

आमच्या घरी नवी वस्तू वापराची पद्धतच नाही. नवी चादर पाहुण्यांसाठी, नवे कप पाहुण्यांसाठी. अन् पाहुणे आले की बायको म्हणते, "घरचेच तर आहेत, कायले काढा?" लग्नातली एक शाल अशीच जपून जपून ठेवली, आखरीले कसरीनं खाल्ली. हाच नियम तिनं परीक्षेलेही लावला, म्हणून मले हे सांगा लागून राहिलं.

मी रुपराव, एसटीतला रिटायर कंडक्टर, राहणार नंदनवन. बायको पुष्पलता, वय एकोणपन्नास, बी.ए. झालेली. बावीस वर्षांपासून कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांकडे टायपिंग करते. साहेब सांगतात, ती टाइप करते, अन् साहेब चुकले की गुपचूप दुरुस्त करते. गेल्या दिवाळीत एक चूक तिनं तोंडावर दाखवली. साहेब पक्षकारासमोर हसले, म्हणे, "बाई, तुम्ही टाइप करा. कायदा आमच्यावर सोडा."

घरी आली ते भांडी आपटतच. तिसऱ्या दिवशी म्हणे, "अजी, मी लॉची सीईटी देऊन राहिली."

"दे ना वं," मी म्हटलं. "घरात तुझाच कायदा चालते. फक्त डिग्री बाकी आहे."

माझ्या लहान भावाची पोट्टी वेदिका, लॉच्या पहिल्या वर्षाले आहे. तिनं आपल्या क्लासचे सरावाचे नऊ पेपर आणून दिले, शंभर-शंभर मार्कांचे. आठ तिनं पेन्सिलनं सोडवलेले, नववा कोरा, पाकिटाचं सीलही तोडलेलं नाही. पुष्पलतानं रबर घेऊन आठही पेपर घासून साफ केले अन् नववा कपाटात नव्या चादरींच्या खाली ठेवला.

"हा आखरीले," ती म्हणाली. "वाया घालवाचा नाही."

रोज संध्याकाळी पेपर सुरू झाला. वेळ पाहाचं काम माझं. कंडक्टरची सवय कुठी जाते? स्टीलच्या गिलासावर चमचा दोनदा वाजवला की सुरू, एकदा वाजवला की थांब. पहिल्या फेरीत तिले अठ्ठेचाळीस पडले. आठ पेपर संपले की पुन्हा रबर, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत एकाहत्तर, तिसरीत नव्वद. चौथ्या फेरीत सत्त्याण्णव पडले तं तिनं मनीषनगरच्या बहिणीले फोन करून सांगितलं, अन् मी बालुशाही आणली.

आता खरं सांगतो. मले संशय आला होता. बाई प्रश्न वाचाच्या आधीच खूण करून राहिली होती. अन् ती तं ती, मी दहावी पास माणूस, भाजी घेता घेता पुटपुटत होतो, "सतराचं क, अठराचं अ." मी बोलाले पाहिजे होतं. पण ती कामावरून येऊन गुणगुणत होती, अन् हे मी भल्ल्या वर्षांनी ऐकत होतो. कोण तोंड उघडते? चमचा वाजवत राहिलो.

परीक्षेले आठ दिवस राहिले तं वेदिका आली. बालुशाही खाता खाता सहज म्हणाली, "मोठीआई, मॅच पाहाले स्टेडियममध्ये गेलेल्या माणसाले बॉल लागला. भरपाई मिळते का?"

"नाही! चौथा पेपर, बाविसावा प्रश्न, उत्तर ब."

"अन् तो बाहेर रस्त्यानं चालला असला तर?"

पुष्पलता हळूच म्हणाली, "ते पेपरात नाही."

वेदिका हसली. "अगं, जुना पेपर पुन्हा सोडवाचा तं 'ब' काहून बरोबर अन् बाकीचे तीन काहून चूक, हे स्वतःले सांगा लागते. तू तं नुसती अक्षरं पाठ केली."

पोट्टी गेली. पुष्पलता दिवाणावर बसून राहिली.

"मी नाही जात परीक्षेले."

"काहून वं?"

"साहेब बरोबरच म्हणत होते. बावीस वर्षं दुसऱ्याचं उतरवलं. माझं स्वतःचं काय येते मले?"

"मंग नववा सोडव. कळंल तरी."

"नको. त्यात पुन्हा अठ्ठेचाळीस पडले तं?"

असं आहे होय! म्हणजे पेपर जपून नव्हता ठेवला, बाई त्याले भिऊन राहिली होती. माझं डोकं गरम झालं. तीस वर्षं विनातिकीट लोक पकडले मी, अन् घरातलं हे मले दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीले गेली तसं मी कपाट उघडलं, सील तोडलं अन् व्हरांड्यात बसून धडाधड नववा पेपर सोडवला. पेनानं.

"अजी! काय केलं हे?" ओल्या केसांनी ती धावत आली. "कोरा पेपर होता तो!"

"ते जाऊ दे. हे बरोबर आहे का, पाह. सोळा वर्षांच्या पोट्ट्यानं सायकल विकाचा करार केला अन् मंग फिरला. मी लिहिलं, सौदा म्हणजे सौदा."

"डोंबल तुमचं!" तिनं पेपर हिसकला. "सोळाचा पोट्टा कायद्यात अज्ञान, म्हणजे नाबालिग असते. त्याचा करार करारच नाही, तं फिरला काय अन् नाही फिरला काय! अन् हे काय? ड्रायव्हरनं धडक मारली अन् मालक सुटला? मालकाच्याच कामाले गेला होता ना तो? स्वतःच्या सासुरवाडीले गेला असता तं गोष्ट वेगळी!"

लाल पेन घेऊन ती तिथंच बसली. एक-एक प्रश्न वाचते, मले शिव्या देते, अन् खूण करते. कणीक वाळली, चहा थंड झाला. एवढं बोलणं मी उभ्या नोकरीत साहेबांचंही खाल्लं नाही. पण मी चमचा वाजवला नाही.

पेपर संपला. पाकिटातल्या उत्तरांच्या कागदावरून मी ताडून पाहिलं अन् कोपऱ्यात दोन आकडे लिहिले. निळे तेवीस, लाल अठ्ठ्याहत्तर.

"हे काय?"

"तेवीस माझे, अठ्ठ्याहत्तर तुझे. नवव्या पेपरात. कोणाचंच न उतरवता."

ती त्या आकड्याकडे पाहतच राहिली. डोळे भरले तिचे. माझेही भरले, लपवाचं काय त्यात? मंग नाक पुसून म्हणे, "तुम्ही मधात बडबड केली, नाही तं ऐंशी पडले असते."

दुपारी पाहतो तं दिवाणावर नवी चादर.

"पाहुणे येऊन राहिले का वं?"

"नाही. तुम्ही बसा."

परीक्षेचं सेंटर पार शहराबाहेर, मिहानकडे होतं. मी तिले स्कूटरवर मागं बसवून नेलं. गेटपाशी उतरली, चार पावलं गेली अन् परत आली. मले वाटलं, हॉलतिकीट विसरली.

"अजी, घंटी राहिली ना."

आता तिथं गिलास कुठून आणू? मी किल्ली काढली अन् स्कूटरच्या आरशावर दोनदा वाजवली. तिनं पदर खोचला अन् आत गेली.