चारशे बाराव्या भागातली सासू

मी इस्त्री बोलतेय. मला वाफ सोडता येत नाही, माझा दिवा कधीच गेलाय आणि बटण ‘सुती’वरून हलत नाही. तरी एकवीस वर्षं मी या घराच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडतेय आणि तितकीच वर्षं मालिका बघतेय.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात तार आणि डोक्यात हवा होती. वाटलं, एखाद्या बड्या हॉटेलात जाऊ. नशिबी आले भूगोलाचे मास्तर. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, मला टीव्हीसमोरच्या टेबलावर बसवलं. दुपारी दोनला मालिका लागली की माझीही पिन लागायची.

मालिका म्हणजे काय विचारता! तिच्यातला थोरला मुलगा अभ्यासाला माडीवर गेला, तो चार वर्षांनी वेगळाच चेहरा घेऊन खाली आला. घरातल्या कुणी हूं की चूं केलं नाही. बाई मात्र ओरडल्या, “अगं बाई, हा कोण मेला?”

चारशे बाराव्या भागाच्या दिवशी माझ्याखाली मास्तरांचा मलईरंगी सदरा होता. संध्याकाळी शाळेत त्यांचा सत्कार. इकडे समुद्रात बुडालेली सासू अचानक दारात उभी राहिली. बाईंचा हात थांबला. मी कशी पुढे सरकणार? खिशावर माझी आकृती उमटली, अगदी नाकासकट.

“डुलकी लागली तुला,” मास्तर म्हणाले.

“डुलकी नव्हती हो! सासू जिवंत निघाली!”

“कशी निघेल? त्या किनाऱ्याला केवढा प्रवाह असतो!”

भर उन्हाळ्यात मास्तर स्वेटर घालून सत्काराला गेले. वाद मात्र घरीच राहिला. “डुलकी.” “नव्हती.” जेवताना, पाहुण्यांसमोर, एकोणीस वर्षं. खरं मला ठाऊक होतं, पण इस्त्रीला कोण विचारतो?

शेवटी दवाखान्यात बाई म्हणाल्या, “एकदा तो भाग बघा, म्हणजे कळेल.” मास्तर म्हणाले, “बरी हो, मग बघू.” हे मास्तरांनीच लेकीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

बाई गेल्या त्याला सात महिने झाले. लेकीनं मालिकेचे जुने भाग टीव्हीवर शोधून दिले. “चारशे बारावा लावू?”

“पहिल्यापासून लाव. सगळं बघितल्याशिवाय मी निकाल देणार नाही.”

झालं! दोनपासून दिवे लागेपर्यंत मास्तर मालिका बघत आपल्या कपड्यांना इस्त्री करू लागले. शेजारी वही. वहीत सासू बुडाली त्या किनाऱ्याचा नकाशा, बाणांसकट. पन्नासाव्या भागात ते नायिकेला ‘मूर्ख बाई’ म्हणाले. दीडशेव्यापर्यंत ती ‘पोरी’ झाली. तीनशेव्या भागात खलनायकाला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं, म्हणजे तसं ओरडले तरी.

काल चारशे बारावा आला. वकील मृत्युपत्र वाचत होता. दार उघडलं. चिंब भिजलेली सासू म्हणाली, “पुढे वाचा. मी ऐकतेय.”

मास्तरांचा हात थांबला. त्यांच्या चांगल्या पँटीवर मी तशीच बसून राहिले. आधी वास आला, मग धूर.

लेक स्वयंपाकघरातून धावली. “बाबा, इस्त्री!”

“थांब गं, जिवंत आहे ती!”

लेकीनं पिन ओढली. मास्तर पँटीच्या गुडघ्यावरच्या तपकिरी डागाकडे बघत राहिले.

“डुलकी लागली होती का?” लेकीनं विचारलं.

“नव्हती,” मास्तर म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “नव्हतीच.” मग वही मिटून त्यांनी डोळे पुसले. “पुढचा भाग लाव.”

आता मी गार होऊन टेबलावर बसलेय. तळ काळा पडलाय, पण तक्रार नाही. पुढे काय काय होणार, हे या घरात आता फक्त मलाच माहीत आहे. म्हणून लेकीला एवढंच सांगायचंय: बाई गं, गुरुवारी नायिका विमानातून पडणार आहे. त्या दिवशी मास्तरांच्या हाती नुसते रुमाल दे.