राखीव

सलग तिसऱ्या वर्षी शहापूरच्या मुलींनी कबड्डीचा जिल्हा करंडक जिंकला, आणि सलग तिसऱ्या वर्षी संध्या गायकवाडच्या गुडघ्याला सामन्यात साधं खरचटलंही नाही.

संघात बारा जणी. मैदानात सात, बाकावर पाच. संध्या बाकावरची. चढाई करणारी म्हणून तिला घेतलं होतं, पण तिच्या पुढे मिताली होती. मितालीने मधली रेषा ओलांडली की समोरच्या मुली नकळत मागे सरकायच्या. ती आपल्यापेक्षा चांगली आहे, हे संध्याला कुणी सांगायला नको होतं. दुःख ते नव्हतंच. दुःख होतं ते सरावाचं. सामना जवळ आला की कुंडलिक सर म्हणायचे, "संध्या, आज तू कल्याणची ती डावखुरी हो." मग ती डावखुरी व्हायची. दुसऱ्या दिवशी भिवंडीची ती उड्या मारणारी व्हायची. सगळ्या जिल्ह्यातल्या चढाया तिच्या अंगात आल्या होत्या आणि शहापूरच्या पोरी तिला पकडून पकडून तयार झाल्या होत्या. तिची स्वतःची चढाई कशी आहे, हे मात्र चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

करंडकाची मिरवणूक उघड्या टेम्पोतून निघाली. गुलाल, डीजे, मितालीच्या गळ्यात हार. संध्या मागच्या फळीला धरून उभी होती. नाक्यावर तिच्याच गावची, सापगावची, एक ओळखीची बाई भाजी घेत होती. तिने खालूनच ओरडून विचारलं, "संध्या, तू पण खेळलीस का गो?"

"होते ना टीममधे," संध्या म्हणाली. डीजेच्या आवाजात ते त्या बाईपर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे.

त्याच आठवड्यात सोमा संध्याच्या घरी आला. सोमा धसईचा. धसई ते मुरबाड जीप चालवायचा आणि संध्याकाळी बाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत आजूबाजूच्या पाड्यांवरच्या मुलींना कबड्डी शिकवायचा. मॅट नाही, बूट नाही, पण पोरी दमायच्या नाहीत. पहिल्या फेरीत चांगल्या खेळायच्या, दुसऱ्या फेरीत हरायच्या. दर वर्षी तेच.

"मुरबाडच्या सामन्यात तुला शेवटी शेवटी सोडली होती सरांनी," सोमा चहाचा कप हातात धरून म्हणाला. "सामना जिंकूनच झाला होता तवा. तेवढ्यात तू दोघींना बाद केलंस. मी बघितलं. आमच्याकडं ये. पहिली चढाई तुझी, शेवटची पण तुझी. कप्तान तूच."

संध्याचे वडील प्रशांत वाशिंदच्या एका कारखान्यात मशीनवर होते. कमी बोलणारा माणूस. सोमा गेल्यावर ते म्हणाले, "बाकावर बसतेस, पण जिंकणाऱ्यांच्या बाकावर बसतेस. उद्या पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागेवर अर्ज करशील, तवा सर्टिफिकेट कुणाला मिळतं? हरणाऱ्या कप्तानाला मिळतं का?"

"बसून बसून मला खेळच यायचा नाय, बाबा."

"मग नको येऊ दे. नोकरी तर येईल."

आई, सुंदराबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "खेळायला म्हणून पोरीला सोडली ना आपण? मग खेळू दे की तिला. पाण्याच्या बाटल्या भरायला सोडली होती का?"

त्यावर वडिलांनी विषय सोडून दिला. पटलं म्हणून नव्हे. आईपुढे बोलून फायदा नसतो, म्हणून.

संध्याने कुंडलिक सरांना सांगायला जाताना सगळी वाक्यं मनात जुळवली होती. सर अडवतील, समजावतील, पुढच्या वर्षी तुला खेळवतो म्हणतील, असं तिला वाटत होतं. तसं म्हणाले असते तर ती राहिलीही असती. हे तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

सर शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "जर्सी धुवून दे. कुणालीला होईल ती."

कुणाली म्हणजे बारावीतली मुलगी, त्याच महिन्यात सरावाला यायला लागलेली. तिला अजून श्वास धरून 'कबड्डी' नीट म्हणता येत नव्हतं.

मितालीने मात्र हात धरला. "अगं, मग सरावाला माझ्यासमोर कोण?" ती मनापासून म्हणाली. संध्याने हात सोडवून घेतला. मितालीला काय चुकलं ते कळलं नाही.

धसईत पहिले काही महिने संध्या हवेत होती. शनिवारी ती शहापूरहून मुरबाडची आणि मुरबाडहून धसईची एसटी धरायची, रात्र सोमाच्या घरी काढायची. त्याची बायको लक्ष्मी तिला पाटावर बसवून जेवू घालायची आणि शेजारणींना सांगायची, "ही शहापूरची. चॅम्पियन." संध्याला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू झाल्या. टोकावड्याला, सरळगावला, किन्हवलीला कडेला उभे राहिलेले लोक तिच्या नावाने ओरडायला लागले. आपलं नाव एवढ्या तोंडांतून ऐकायची तिला सवय नव्हती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं होतं, की दुसरी कुणी संध्या आहे का.

एक गोष्ट मात्र तिने पाहूनही पाहिली नाही. ती येण्याआधी धसईची पहिली चढाई गोजर करायची. गोजर जवळच्या पाड्यावरची, बारीक, काळीसावळी, पायात वारा असलेली. तिला शिकवलेलं काही येत नव्हतं, पण तिला धरणं सोपं नव्हतं. सोमाने दिलेला शब्द पाळला: पहिली संध्या, शेवटची संध्या, आणि मधल्याही बहुतेक संध्याच. गोजरला त्याने कोपऱ्यात पकडीला उभं केलं. ती काही सामने उभी राहिली. मग एकदा संध्या तिच्यावर चिडली, "पाय धरायचा ना! बघत काय उभी राहिलीस?"

"मला पकड नाय येत," गोजर शांतपणे म्हणाली. "मी चढाईवाली आहे. तू आलीस, तवा झाले कोपऱ्यातली."

"संघ जिंकायला पाहिजे ना?"

"कुठं जिंकतोय?"

संध्याकडे उत्तर होतं. कप्तानाकडे असतंच. ती म्हणाली, "मग नको येऊस." दुसऱ्या शनिवारी गोजर आली नाही. सोमा म्हणाला, "जाऊन समजाव गो तिला, पाडा काय लांब नाय." संध्या म्हणाली, बघू. पाडा खरंच लांब नव्हता.

जिल्हा स्पर्धेत धसई उपांत्य फेरीपर्यंत गेली. गावाने कधी पाहिलं नव्हतं असं यश. समोर शहापूर. जिल्ह्याचा संघ निवडणारे याच सामन्यांना येऊन बसले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सोमा जीप भरून माणसं घेऊन आला. संध्याचे वडील कारखान्यातून सुट्टी काढून आले आणि एका बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले.

पहिली चढाई तिची. तिने रेषा ओलांडली आणि समोर पाहिलं. त्या सातही जणींचे चेहरे तिला पाठ होते. तिला वाटलं, आपण यांना ओळखतो. पुढच्याच क्षणी तिचा घोटा धरला गेला आणि ती तोंडावर पडली. मग तिला कळलं की त्याही आपल्याला ओळखतात. कल्याणची डावखुरी, भिवंडीची उडी, सगळं. संध्या कुठल्या पायावर भार टाकते, फसवताना खांदा आधी कुठे वळवते, हे त्यांना मितालीच्या चढाईपेक्षाही जास्त माहीत होतं. चार वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी तिलाच तर पकडलं होतं.

ती उठली, पुन्हा गेली, पुन्हा पकडली गेली. तिने वेगळं काहीतरी करून पाहिलं, स्वतःचं. पण घाईत तिला जे सुचलं तेही कुणाची तरी नक्कलच निघाली. कडेची माणसं आधी ओरडत होती, मग हसायला लागली, मग गप्प झाली. ते गप्प होणं वाईट होतं. सोमाने वेळ मागितली आणि म्हणाला, "जरा मंगळीला जाऊ दे का?" संध्या म्हणाली, "नाय. माझी चढाई आहे." संघातली मंगळी शेजारीच मान खाली घालून उभी राहिली.

हरल्या. किती गुणांनी, ते सांगण्यासारखं नाही. कुणाली बाकावरून उठलीसुद्धा नाही. तिच्या अंगात संध्याची जुनी जर्सी होती, खांद्यावर जरा मोठी होत होती. सामना संपल्यावर कुंडलिक सर जवळ आले. "तुझ्यामुळे आमच्या पोरींना पकड आली, हे खरं," ते म्हणाले. त्यांना बहुतेक चांगलंच बोलायचं होतं.

जिल्ह्याच्या संघात शहापूरच्या सात जणी गेल्या. मिताली होतीच. राखीव म्हणून कुणालीलाही घेतलं. सरांच्या शब्दाला वजन होतं आणि एक जागा भरायची होती. राज्य स्पर्धेत जिल्हा पहिल्यांदाच तिसरा आला. कुणाली तिथेही खेळली नाही. पण भरतीला चालणारं प्रमाणपत्र बाराही जणींना मिळालं.

पुढच्या वर्षी पोलीस भरती निघाली. संध्या धावण्यात पास झाली, लेखीतही बरे गुण पडले, पण सर्वसाधारण यादीत ती कुठेच बसली नाही. कुणाली खेळाडूंच्या जागेवर लागली.

ती पेढे घेऊन सापगावला आली. भोळी मुलगी. सुंदराबाईंच्या पाया पडली, प्रशांतना "जय भीम काका" म्हणाली, संध्याच्या हातात पेढा ठेवला. "ताई, तू गेली नसतीस तर मला जागाच नव्हती गं. मी आईला म्हटलं, पहिला पेढा संध्याताईला."

संध्याने पेढा तोंडात टाकला. बोलावं लागू नये म्हणून ती तो बराच वेळ चघळत राहिली. वडील उठून मागच्या दारी गेले. एखादं 'मी सांगितलं होतं' म्हणाले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

कुणाली गेल्यावर आई भांडी आवरता आवरता पुटपुटली, "माझंच चुकलं. मीच म्हटलं, खेळू दे."

"तुझं काय नाय चुकलं," संध्या म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता, आणि आईला ते कळलं.

रविवारी ती धसईला गेली. वाटेत एसटीत तिने ठरवलं होतं: पाड्यावर जायचं, गोजरला परत आणायचं, पहिली चढाई तिला द्यायची. आपण पकडीला उभं राहायचं. पकड तरी आपल्याला येते की नाही, ते बघायचं. एवढं ठरवल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटलं.

सोमा जीपचं बॉनेट उघडून बसला होता. तिने सांगितलं. त्याने फडक्याने हात पुसले.

"गोजर नाय आता," तो म्हणाला. "शहापूरला जाते ती. कुणालीची जागा रिकामी झाली ना? सरांनी बोलावणं धाडलं."

"खेळवतात तिला?"

"नाय गो. बाकावर बसते." सोमाने बॉनेट आपटून बंद केलं. "मी म्हटलं, अगं, तिकडं बसून काय करशील, इथं पहिली चढाई तुला देतो. तर मला म्हणते, दादा, संध्याताईचं बघितलं की. मला बसलेलंच बरं."

गोजरने कुणाची चूक काढली नव्हती. फक्त हिशेब बरोबर केला होता.

बाजाराच्या मागच्या जागेत संध्याला धरून चारच मुली होत्या. बाकीच्यांपैकी दोघींची लग्नं ठरली होती, एक आजोळी गेली होती. पोरांनी मैदानात क्रिकेटच्या काठ्या रोवल्या होत्या, त्या मंगळी उपटून बाजूला टाकत होती.

"चार जणींत काय खेळायचं?" त्यांतल्या रखमीने विचारलं.

संध्याने ओढणी कमरेला बांधली, पायानेच मातीत एक वाकडी रेघ ओढली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली.

"मंगळी, तू ये," ती म्हणाली. "मी पकडते."

मंगळी आली. संध्याने पाय धरायला झेप घेतली आणि हातात नुसती धूळ आली.