धाप्या वळणाचं लाल कवच

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेदहाला धाप्या वळणावर अकरा गाड्या उकळत उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती शंभर-दीडशे माणसं हात जोडून उभी होती. एखाद्या टेम्पोच्या बॉनेटमधून वाफ निघाली की बायका पदर पुढे करून ती डोळ्यांना लावत. एका गृहस्थाने तर वाफ बाटलीत भरून घट्ट बूच लावलं होतं. त्याची म्हैस आजारी होती.

मोताळ्याहून बुलढाण्याला चढणाऱ्या घाटातलं हे वळण. इथे चढाईमाता राहते हा शोध शीतलनाथ बाबांना दोन वर्षांपूर्वी लागला. त्याआधी माता होती की नाही ते ठाऊक नाही. गाड्या मात्र होत्या आणि त्या निमूट वर जात. आता घाटाच्या पायथ्याशी बाबांचा मंडप होता. ओझं ओढणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडावर तिथे जाड लाल कापडाचं कवच आवळून बांधलं जाई, म्हणजे मातेचा ताप इंजिनाला लागू नये. ताप लागायचाच. मग या वळणावर बाबा स्वतः कवच सोडत, तासभर मंत्र म्हणत, नारळ फोडत, दक्षिणा घेत, आणि गाडी सुरू होई. लोक धन्य होत. बाबांच्या दरबारात जात-धर्म काही नव्हतं. इंजिन उकळलेलं असलं की झालं.

रांगेत शेवटची, अकरावी गाडी गुलनारची होती. म्हणजे पुढे भाड्याची जीप आणि तिच्यामागे जोडलेली कॅरावॅन. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या गाडीचा डबा, त्यात मोठा आरसा, फिरती खुर्ची, बेसिन आणि इन्व्हर्टर. बाहेर गुलाबी अक्षरांत ‘गुलनार ब्रायडल’. डब्याचं काम तिच्या भावाने, अजहरने, केलं होतं. त्याचा लोखंडावर एवढा विश्वास की टॉवेल अडकवायची खुंटीही रेल्वेचा डबा टांगता येईल अशी होती.

दुसऱ्याच्या पार्लरातलं काम सोडल्यावर ही तिची स्वतःची पहिली ऑर्डर. नवरी पुष्पांजली मोताळ्याची, लग्न बुलढाण्याच्या हॉलमध्ये, मुहूर्त बारा पंचवीसचा. वाटेतच तयारी उरकायची ठरली होती. वळणावर डोळ्याला काजळ लावायचं नाही, एवढा एकच नियम होता.

पायथ्याशी कवच बांधताना गुलनारला ते पटलं नव्हतं, पण निघताना अम्मीने बजावलं होतं, “बांधून घे बेटा, घाट आहे.” जीपमध्ये नवरीचे वडील निवृत्तीकाका आणि नवऱ्या मुलाचे मामा रंगराव. दोघांनीही हात जोडले. मग तिनेही बांधू दिलं. बाबांच्या शिष्याने ड्रायव्हर गोकुळच्या समोर, इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर, बाबांचा हसरा फोटोही चिकटवला. “आता काट्याकडं नाई, बाबांकडं पाहाचं.”

गोकुळने सगळा घाट बाबांकडे पाहत चढवला होता.

बाबा शिष्यांसह आले. त्यांनी बॉनेटला कान लावला, भाजला, काढला, आणि तो साक्षात्कार असल्यासारखे डोळे मिटले.

“मातेचा कोप एकशे पाच डिग्रीवर आहे. हे टेम्परेचर यंत्राचं नाही, प्रारब्धाचं आहे. आत कोण बसलं आहे?”

“नवरी हाय जी,” निवृत्तीकाका म्हणाले.

“तरीच. आज अकरा वाहनं एकाच वेळी तापली. या कन्येच्या पावलात दोष आहे. मी हिच्या ग्रहांना थंड करू शकतो, पण सायंकाळपर्यंत वेळ लागेल.”

रंगरावांनी लगेच फोन काढला. “बहिनीले सांगाच लागीन. हॉलच्या दारात पाय ठेवाच्या आधी अकरा गाड्या बंद. घरात आल्यावर काय काय बंद पडीन?”

“मामासाहेब, पोरीचं नाव नका खराब करू,” निवृत्तीकाका एवढंच म्हणू शकले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. आज हे लग्न मोडलं, तर ते का मोडलं हे संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळेल, आणि मग या पोरीला कुणी विचारणार नाही, हे तिथे उभ्या प्रत्येकाला समजत होतं.

कॅरावॅनचं दार उघडून आधी गुलनार उतरली, मग पुष्पांजली बाहेर आली. अंगावर पिवळा शालू, केस पिंजारलेले, त्यांत चोवीस चिमटे, आणि चेहऱ्यावर वाळत आलेली मुलतानी माती.

शंभर माणसं एकदम खाली वाकली. “प्रगटली माय, प्रगटली.”

फक्त बाबा वाकले नाहीत. ते पळाले. दोन वर्षं ज्या मातेशी रोज बोलत होते, ती खरोखर आलेली पाहून ते टेम्पोमागे जाऊन उभे राहिले.

“मी पुष्पी हाय,” मातेने सांगितलं. “उठा न जी, काकू, साडी मळून राह्यली. मामा, फोन करा, पन पाच मिनटानं. गुलनारताई, तुमी मघाशी आत काय म्हनत होत्या ते सांगा न यायले.”

गुलनार आत गेली आणि केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली. वायर आतल्या इन्व्हर्टरला जोडलेली. मग जीपच्या तोंडावरचं लाल कवच तिने सोडलं.

“हे मशीन पुढून गरम वारा फेकते. पन मागच्या जाळीतून गार वारा आत घेते, म्हनून स्वतः जळत नाही. आता हे पाहा.”

तिने कवचाची घडी मागच्या जाळीवर गच्च धरली. ड्रायरचा आवाज चढला, किंचाळला, जळका वास आला आणि तो बंद पडला.

“घ्या,” रंगराव म्हणाले. “बाराव्वी मशीन. म्या काय म्हनलं?”

“मामा, आता कोनी मंत्र म्हनू नका. गप राहा फक्त.” तिने कवच काढून ड्रायर सावलीत ठेवला.

दीडशे माणसं पाच मिनिटं एका ड्रायरकडे बघत गप्प राहिली. घाटात एवढी शांतता रस्ता झाल्यापासून नव्हती. मग तिने बटण दाबलं. ड्रायर सुरू झाला. एक नारळही न फुटता.

“गाडीच्या तोंडाशी अशीच जाळी असते. तिच्यामागं रेडिएटर. हा डबा जड, चढ उभा, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगते. इंजिनाले काम जास्त, वारा कमी. त्यात मामासाठी एसी चालू. अन् जो थोडा वारा येते, त्याच्या दारावर आपन गोधडी बांधली. दम कोंडला, तापली. इथं येऊन गोधडी सोडली, तासभर उभी राह्यली, थंड झाली. तो तास मंत्र म्हना का पत्ते खेळा.”

“ही नास्तिक बडबड—” बाबा टेम्पोमागून म्हणाले.

तेवढ्यात खचाखच भरलेली एसटी वळण घेऊन वर आली. तोंडावर कवच नाही, काही नाही. ती धूर सोडत निघून गेली. कंडक्टरने खिडकीतून विचारलं, “काय बे, आज नारळ नाई फुटला का?”

“अन् बाबा,” पुष्पांजली म्हणाली, “तुमी रोज याच घाटानं येता. तुमच्या जीपले कवच कुठी हाय?”

सगळे वळले. बाबांची पांढरी जीप कडेला उभी होती. तिची जाळी स्वच्छ धुतलेली, उघडी.

गोकुळला एवढा राग आला की त्याने काट्यावरचा फोटो फाडला. काटा लाल रेघेच्या पार टोकाला. “आधीच दिसला असता तं खालीच थांबलो असतो,” म्हणत तो फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावला.

“उघडू नको बे, भाजशीन,” बाबा टेम्पोमागून धावत येऊन ओरडले. “पानी उसळते. गार होऊ दे पयले.”

दोन वर्षांत बाबांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते वऱ्हाडीत होतं. गुलनारने त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला मुरलेली काळी रेघ. अशी नखं ती गॅरेजवाल्या नवरदेवांची घासायची. ती रेघ तीन वेळा घासूनही जायची नाही.

“कोनत्या गॅरेजात होते जी?” तिने अगदी आदराने विचारलं.

बाबांनी हात पाठीमागे नेले. शिष्याला मात्र गुरूचा अभिमान होता. “चिखलीले. रेडिएटरच्या दुकानात, सात वर्षं.”

लोकांनी बाबांना मारलं नाही. मारायला वेळ कुणाला होता? जो तो आपल्या गाडीचं कवच सोडत होता.

जीपचं बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास काढला. इंजिन गार झाल्यावर गोकुळने जपून झाकण काढलं, पाणी भरलं. तेवढ्यात पुष्पांजलीची माती धुऊन झाली आणि चिमटे निघाले. मग गुलनारने रंगरावांना पुढच्या सीटवर बसवलं.

“एसी बंद राहीन, मामा. अन् हीटर फुल. इंजिनाची गरमी थोडी आत ओढून घेते, तेवढंच त्याले हलकं.”

“मे महिन्यात हीटर?”

“नवरीच्या पायात दोष हाय न. मंग कोनाले तरी तप करा लागीन.”

गोकुळने घाई न करता, लहान गिअरात डबा वर नेला. काटा मध्येच राहिला. बारा वाजून दहा मिनिटांनी ते हॉलवर पोचले. नवरीच्या चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता. रंगराव जीपमधून विहिरीतून काढल्यासारखे उतरले. बहिणीने विचारलं, “दादा, काही अडचन?” त्यांनी नवरीकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, “कापड बांधलं होतं. सोडलं.”

तिकडे वळणावर म्हशीच्या मालकाने बाटलीचं बूच काढून पाहिलं. वाफ नव्हती. तळाशी चार थेंब पाणी होतं. त्याने ते ओतून दिलं आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

तुमच्या वाटेवरही एखादी गाडी उकळेल, घरात कुणी आजारी पडेल, पीक बुडेल. तेव्हा कुणीतरी येऊन एखाद्या पोरीच्या पायाकडे बोट दाखवेल. त्या पायाकडे पाहू नका. आधी समोर जाऊन बघा, जाळीवर काय बांधलंय आणि ते कुणी बांधलंय. आणि बांधणाऱ्याची स्वतःची गाडी नीट तपासा.