बदनामीचं कुलूप

त्या दिवशी सकाळी मामांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, बायकोनं दिलेला डबा पिशवीत ठेवला आणि ते एका घराची अब्रू घ्यायला निघाले.

मामा हे त्यांचं खात्यातलं नाव. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे ते जनगणनेच्या कचेरीत कारकून होते. प्रत्यक्षात ते देशाच्या गुप्तचर खात्यात होते आणि त्यांच्याकडे एकच काम होतं. परक्या मुलखात पाठवलेला माणूस पकडला गेला, की खातं त्याच्याविषयी कानांवर हात ठेवी. पण घरचे थोडेच गप्प बसतात? ते चौकशा करणार, वर्तमानपत्रात फोटो देणार. म्हणून मामांनी त्या घरी जायचं, कचेरीतला जुना स्नेही म्हणून चहा घ्यायचा आणि मान खाली घालून सांगायचं की तुमचा माणूस एका बाईबरोबर पळून गेला. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात तेच पुन्हा, दबक्या आवाजात. पुढचं काम शेजारीपाजारी फुकटात करत. अशा कामाला आपल्यात माणसांची वाण कधीच पडत नाही.

ही रीत खात्यात कुणी सुरू केली ते आता कुणालाच आठवत नव्हतं. साहेब नव्या अधिकाऱ्यांना ती अभिमानानं समजावून सांगत. हरवलेल्या माणसाला घरचे शोधतात, बेशरम माणसाला तेच दाराबाहेर ठेवतात. बदनामीइतकं पक्कं कुलूप नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशीचं घर एका म्हाताऱ्या घड्याळजीचं होतं. मुलाची बातमी ऐकताना त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. ऐकून झाल्यावर तो उठला, भिंतीवरचा मुलाचा फोटो काढला आणि मोडक्या घड्याळांच्या खणात टाकला. मामांनी बाहेर बागेत बसून डबा खाल्ला. भाजी चांगली झाली होती.

दुपारी साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. मामांचा जावई पकडला गेला होता.

जावई मामांनी स्वतः पारखून आणलेला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, हसरा, कमी बोलणारा पोरगा. लग्नानंतर तो मामांकडेच राहायचा आणि घरी त्यालाही जनगणनेतलाच समजत. मामांना खुर्चीत बसवेना. दुसऱ्या कुणाला पाठवा, निदान माझ्या घरी खरं सांगू द्या, असं ते पुन्हा पुन्हा विनवत राहिले. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला.

“अपवाद केला तर बाकीच्या घरांना आपण काय तोंड दाखवणार, मामा? आणि दुसरा माणूस गेला तर तो मुलीला तुमच्याइतकं हळुवार सांगेल का?”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मामा घरी गेले आणि त्यांनी ते हळुवार सांगितलं. इतकी वर्षं मुरलेला हात होता; कुठे थांबायचं, बाईचं वय किती सांगायचं, सगळं आपोआप जमून गेलं. मुलगी पीठ मळत होती. तिनं हात धुतले आणि एवढंच विचारलं, ती दिसायला कशी आहे. मामांनी तेही सांगितलं.

पुढचे महिने त्या घरानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. कोपऱ्यावरच्या दुकानातही मामांना जावं लागलं. साहेबांनी तशी आठवण करून दिली होती. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या काकू मुलीला रोज जिन्यात अडवून “काही कळलं का गं?” विचारत, आणि कळलं नाही म्हटलं की त्यांचा दिवस गोड जाई. मामांच्या बायकोनं जावयाचे सदरे फाडून फरशी पुसायची फडकी केली. आपल्या नवऱ्यावर तिचा राग नव्हता. असं स्थळ आणल्याबद्दल उलट तीच त्यांची समजूत काढायची, की माणसाच्या पोटात शिरून कुणी पाहतं का? मुलगी हळूहळू कडक होत गेली. आधी रडायची, मग शिव्या द्यायला लागली, आणि मग त्याचं नाव निघालं की भिंतीकडे पाहावं तशी पाहायला लागली. मामांना वाटलं, बरं झालं, पोर सावरली. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला सीमा नसते.

मग एका रविवारी सकाळी एक परकी बाई दारात उभी राहिली. ती कैद्यांची विचारपूस करणाऱ्या संस्थेची होती. सीमेपलीकडच्या तुरुंगात एक माणूस आहे, तो स्वतःचं नाव सांगत नाही, पण ही आपली बायको म्हणून त्यानं हा पत्ता दिलाय, असं तिनं सांगितलं. घरचं कुणी त्याला आपला म्हणालं तर तिची संस्था वकील देणार होती, शिक्षा थांबवणार होती. कुणीच नाही म्हणालं तर बेवारशी हेर म्हणून त्याचा निकाल लागणार होता.

मुलीनं तिला बसायलाही सांगितलं नाही. “माझा नवरा दुसऱ्या बाईबरोबर राहतोय. हा कुणी लबाड असेल.”

“त्यानं एक खूण सांगितलीय,” बाई म्हणाली. “भाताच्या पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड तुम्हा दोघांनाही आवडते. त्यावरून तुमची भांडणं व्हायची.”

मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. समोर खुर्चीत मामा हातात कप धरून बसले होते. एक शब्द पुरला असता. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं ते ऐका: साहेबांना विचारलेलं बरं. इतकंच. उद्या परवानगी काढू आणि मग बोलू.

“ज्या बाईबरोबर तो राहतोय, तिलाही त्यानं ते सांगितलं असेल,” मुलगी म्हणाली. “मी या माणसाला ओळखत नाही.”

दुसऱ्या दिवशी मामा साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. सख्ख्या बायकोनं ओळख नाकारली, म्हणजे पलीकडच्यांच्या हातात आता काही उरलं नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी मामांना शाबासकी दिली. परवानगीचं नंतर बघू म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही.

आली ती बाई. या वेळी ती न सांगता बसली. जावयाला फाशी झाली होती. शेवटच्या भेटीत त्यानं तिला विचारलं होतं, घरून काही निरोप आहे का. मला खोटं बोलता येत नाही, ती म्हणाली, तुम्ही जे बोललात तेच मी त्याला सांगितलं. मग तिनं फाशीनंतर तिथून मिळालेला त्याचा फोटो पुढे केला.

मुलीनं फोटो पाहिला. आईनं पाहिला आणि हातातलं ओलं फडकं छातीशी धरून ती जमिनीवर बसली. बाई गेल्यावर मुलगी वडिलांकडे वळली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“ती आली होती तेव्हाही?”

मामांनी मान डोलावली. तिनं हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं गॅस बंद केला आणि वडिलांच्या समोर येऊन बसली. मग ती एकेक विचारत गेली आणि मामा सांगत गेले, घड्याळजीपासून मागे मागे, आठवतील तितकी घरं.

त्याच सुमारास लोकप्रतिनिधींची एक समिती खात्याची चौकशी करत होती. या खात्याला जाब विचारणारं कुणीतरी असावं की नाही, असा प्रश्न होता. आमच्या माणसांची घरं ती आमचीच घरं, असं साहेबांनी समितीला सांगितलं होतं, आणि त्याला दुजोरा द्यायला मामांनाच बोलावलं होतं. मुलगी म्हणाली, मीही येणार. तिला अडवायची मामांची छाती नव्हती, आणि समितीनंही तिला साक्षीदार म्हणून आत घेतलं.

समितीपुढे मामांनी दुजोरा दिला नाही. घरी कसं जायचं, काय बोलायचं, दुकान कोणतं निवडायचं, सगळं त्यांनी सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले की त्यामुळे परक्या मुलखातल्या आपल्या कित्येक माणसांचे जीव वाचले. अध्यक्ष म्हणजे एक वृद्ध वकीलबाई होत्या. खातं गुप्त असावं, पण त्यानं आपल्याच लोकांच्या घरात काय करावं याला कायदा हवा, आणि तो आपण करू, असं त्या म्हणाल्या. मग मुलीला त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय?

“माझा नवरा मला सोडून गेला नव्हता, एवढं जाहीर करा.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. पण ही बैठक बंद दाराआड होती. इथला शब्द बाहेर गेला तर तो गुन्हा, कायदा होईपर्यंत तुम्हीही कुठे बोलू नका, असं त्यांना सांगावं लागलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

बापलेक घरी परतले तेव्हा खाली अंगणात बायका बसल्या होत्या. काकूंनी शिवण बाजूला ठेवून विचारलं, एवढे कपडे करून कुठे गेला होतात, त्याचं काही कळलं वाटतं?

मुलगी थांबली. “कळलं, काकू. तो कुणाबरोबर पळून गेला नव्हता. बाबांच्याच खात्यात हेर होता, पलीकडच्या तुरुंगात होता. मी त्याला ओळखते का, असं विचारायला बाई आली होती, आणि मी नाही म्हणाले. त्यांनी त्याला फाशी दिली.”

बायकांच्या नजरा मामांकडे गेल्या आणि मामांनी सवयीनं मान खाली घातली.

“मान वर करा, बाबा,” मुलगी म्हणाली. “तो पळाल्याचं पहिल्यांदा कोणी सांगितलं ते आता यांना सांगा. मग घड्याळजींकडे जायचंय, आणि त्यांच्यानंतर बाकीच्या सगळ्यांकडे.”

मामांनी मान वर केली आणि ते सांगू लागले.