पिवळ्या शर्टातला टिल्लू

टिल्लू हरवला होता तो एका दुपारपुरता. भाऊजींच्या शिलाईच्या दुकानातून त्यांचं नि जाऊबाईंचं हे पोर दिसेनासं झालं, तेव्हा घाबरून त्यांनीच मोबाइलवरून सगळ्यांना फोटो पाठवला: पिवळा शर्ट, मोठी बटणं, खाली जाऊबाईंचा नंबर. ऊन उतरायच्या आत तो दुकानातच सापडला, कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात गाढ झोपलेला. "सगळी दुनिया शोधतेय आणि राजे इथे घोरतायत," म्हणत भाऊजी हसता हसता रडले होते.

सापडला, हेही त्यांनी लगेच कळवलं. ते कुणी पुढे पाठवलं नाही. फोटो मात्र फिरत राहिला. कुणी त्याला बक्षीस चिकटवलं, कुणी मुलं पळवणारी टोळी. एका वर्तमानपत्राने तर छापलासुद्धा. खाली नंबर असूनही एक फोन करायला कुणाला सवड झाली नाही.

पुढच्या वर्षी टिल्लू तापाने गेला.

फोन अजून येतात. माणसं चांगली असतात, हीच पंचाईत. स्टेशनवर दिसला, बाजारात दिसला. भाऊजी प्रत्येकाला एवढंच सांगतात, सापडला हो तो, फोटो पुढे पाठवू नका. त्यापुढचं त्यांच्या तोंडून निघत नाही. नंबर बदल, म्हणून ते जाऊबाईंच्या मागे लागलेत. गिऱ्हाइकांकडे हाच नंबर आहे, असं जाऊबाई म्हणतात. गिऱ्हाइकांना दुकान ठाऊक आहे, असं भाऊजी म्हणतात. नंबर तोच राहतो.

काल मी लेकीला घेऊन दुकानात बसले होते. जाऊबाई तिचंच झबलं शिवत होत्या, भाऊजी कपडे पोचवायला गेलेले. फोन वाजला. पलीकडच्या बाईचा आवाज मलाही ऐकू येत होता. बस थांब्यावर एक मुलगा बसलाय, म्हणाली, पिवळ्या शर्टातला, अगदी तुमच्या फोटोतला.

आता सांगतील सापडला म्हणून, मी वाट पाहत राहिले.

जाऊबाईंनी मशीनवरचा पाय काढला.

"जेवलाय का तो?"

बिस्किट खातोय, बाई म्हणाली, सोबत एक आजी आहेत.

"अंगाने जरा भरलाय का?"

मी लेकीला घट्ट धरलं. भाऊजी दारात येऊन थबकले होते. त्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला, तसाच मागे घेतला. मग हळूच पंखा बंद केला, जाऊबाईंना नीट ऐकू यावं म्हणून.